कॅराव्हॅनसाठी 'सहाची' केबल आणली, पण सहा कोणतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुम्ही मेलबर्नला राहता. दोन अ‍ॅक्सलची जुनी कॅराव्हॅन घेतली आहे, सामान भरल्यावर साधारण २,४०० किलो. गाडी अलीकडची डिझेल एसयूव्ही. ओळखीच्या एकांनी सांगितलं, 'सहाची केबल टाका', म्हणून तुम्ही '६ एमएम' लिहिलेली लाल-काळी जोडकेबल आणली आणि पुढच्या बॅटरीपासून मागे अँडरसन प्लगपर्यंत (जास्त करंट नेणारा दोन वायरींचा जोडप्लग) स्वतः ओढली. 'बॉडी म्हणजेच अर्थ' म्हणून त्यातली काळी पुढे टेप गुंडाळून सोडून दिली आणि अँडरसनची काळी मागेच टोबारच्या, म्हणजे कॅराव्हॅन ओढायच्या दांड्याच्या, बोल्टला लावली. कॅराव्हॅनमध्ये २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आहे, म्हणजे गाडीच्या विजेवर कॅराव्हॅनची बॅटरी भरणारा, शिवाय गॅस, २४० व्होल्ट आणि १२ व्होल्ट या तिन्हींवर चालणारा फ्रिज. चार तास गाडी चालवून हॉल्स गॅपला पोहोचलात तेव्हा बॅटरी निम्मीच भरलेली आणि फ्रिजमधलं दूध कोमट. शेवटी जाता जाता लिहिलंय की इंडिकेटर दिला की कॅराव्हॅनचे टेल लाइट मंद होतात आणि सात पिनांचा प्लग हाताला गरम लागतो. विचारताय ते एवढंच, की केबल कोणती घ्यावी आणि तीच १२ पिनांच्या प्लगमधून नेली तर चालेल का.

केबलचं सांगतोच. पण मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरू करणार आहे. बॅटरी कमी भरली तर एक रात्र अंधारात जाईल. प्लग गरम होणं ही वेगळी गोष्ट आहे. तो बरा होईपर्यंत कॅराव्हॅन जोडून रस्त्यावर काढू नका, अशी कळकळीची विनंती.

सात पिनांच्या प्लगमध्ये पांढरी वायर असते, तिसऱ्या पिनेवर. इंडिकेटर, टेल लाइट, ब्रेक लाइट, रिव्हर्सचा दिवा आणि इलेक्ट्रिक ब्रेक या सगळ्यांचा करंट कामं करून गाडीकडे परत येतो तो या एकाच वायरने. आता तुमचा चार्जर घ्या. अँडरसनच्या लाल वायरने तीसेक अँपिअर कॅराव्हॅनमध्ये जातात. ते परत कुठून येणार? तुमच्या जोडणीत त्यांची वाट टोबारच्या बोल्टवरून जाते. टोबारवर रंगाचा जाड थर असतो, तो ज्या चॅसीला बसवलाय तिथेही रंग असतो, आणि पावसाचं पाणी बसून वर्षभरात तिथे गंज धरतो. ही वाट अडली की करंट दुसरी वाट शोधतो. कॅराव्हॅनच्या चॅसीला बॅटरीची निगेटिव्ह जोडलेली असते आणि प्लगची पांढरी वायरही तिथेच जोडलेली असते. म्हणजे चार्जरचा करंट त्या बारीक पांढऱ्या वायरवरून परत येऊ लागतो. पिन तापते. त्याच पिनेवर इंडिकेटर आणि टेल लाइट अवलंबून असतात, म्हणून ते मंदावतात. आणि ब्रेकही तिच्यावरच असल्यामुळे चार्जर जोरात चालू असताना तुमचे ब्रेक थोडे कमी धरत असणार. हे तुम्हाला पायाला जाणवलं नसेल, पण उतारावर जाणवेल.

तीन-चार वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. त्यांचा सात पिनांचा प्लग दोनदा वितळला होता आणि दोन्ही वेळा दुसरीकडे फक्त नवा प्लग बसवून मिळाला होता. मी प्लगला हात न लावता अँडरसन उघडला. काळ्या वायरचा लग (टोकाचं धातूचं टर्मिनल) क्रिम्पमधून, म्हणजे चेपून केलेल्या जोडातून, ओढल्याबरोबर हातात आला. आत तांबं काळं पडलेलं. तो लग नीट बसवला, पांढऱ्या वायरचा करपलेला तुकडा बदलला आणि तिसरा प्लग आजही शाबूत आहे. तेव्हापासून गरम प्लग घेऊन कोणी आलं की मी आधी अँडरसनची काळी तपासतो.

तुमच्याकडे हेच झालंय का ते पाच मिनिटांत कळेल. इंजिन चालू ठेवा, सात पिनांचा प्लग लावलेला राहू द्या, टेल लाइट लावा, इंडिकेटर द्या. मग अँडरसन काढून टाका. दिवे एकदम स्वच्छ झाले तर दोष चार्जिंगच्या परतीच्या वाटेत आहे. अँडरसन काढूनही दिवे मंदच राहिले तर पांढऱ्या वायरचा स्वतःचा जॉइंट खराब आहे, प्लगमध्ये किंवा कॅराव्हॅनच्या चॅसीवर. दोन्ही दोष एकाच वेळी असू शकतात, जुन्या कॅराव्हॅनमध्ये असतातच.

आता केबल. आपल्याकडे महाराष्ट्रात वायरमन दुकानात जाऊन 'अडीचची द्या', 'चारची द्या' म्हणतो तेव्हा तो आतल्या तांब्याचं क्षेत्रफळ सांगत असतो, चौरस मिलिमीटरमध्ये. ती सवय घेऊन आपण ऑस्ट्रेलियातल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानात शिरतो आणि फसतो. इथे गाडीच्या वायरवर '६ एमएम' लिहिलेलं असतं तेव्हा ते प्लास्टिकच्या आवरणासकट बाहेरचा व्यास सांगत असतं. त्या '६ एमएम'च्या आत तांबं भरतं साधारण ४.६ चौरस मिलिमीटर. '५ एमएम'मध्ये २.९ आणि '४ एमएम'मध्ये तर १.८४ च्या आसपास. आवरण जाड असेल तर त्याहूनही कमी. तुमचे ओळखीचे गृहस्थ जे 'सहा' म्हणाले ते जवळजवळ नक्कीच तिसरं सहा होतं, सहा बी अँड एस. हे गेजचं माप आहे आणि त्यात तांबं असतं साधारण १३.५ चौरस मिलिमीटर. म्हणजे तुम्हाला हवं होतं त्याच्या एक तृतीयांश तांबं घरी आलं. दुकानदार खोटं बोललेला नाही, तुम्हीही चुकीचं मागितलं नाहीत. एकाच आकड्याला तीन अर्थ असल्यामुळे हे घडतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या आपल्या लोकांपैकी निम्मे तरी याच सहामुळे येतात.

गेजमध्ये आकडा वाढला की जाडी कमी होते, पत्र्यासारखं. २४ गेजचा पत्रा २० गेजपेक्षा पातळ, तसं आठ बी अँड एस हे सहापेक्षा बारीक, जवळपास ८ चौरस मिलिमीटर, आणि चार बी अँड एस त्याहून जाड, २० च्या थोडं वर. दुकानात नावावर जाऊ नका. पाकिटावर किंवा रिळावर चौरस मिलिमीटर कुठेतरी बारीक अक्षरात छापलेले असतात, ते वाचा. तिथे लिहिलेला कमाल अँपिअरचा आकडा मात्र फार मनावर घेऊ नका. '६ एमएम' वायरवर ५० अँपिअर लिहिलेलं सापडेल. ती वायर एवढा करंट नेताना जळणार नाही इतकाच त्याचा अर्थ. दहा मीटर लांबच्या टोकाला व्होल्टेज किती उरेल याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही, आणि आपला सगळा प्रश्न तोच आहे.

हिशोब सोपा आहे. जाण्यायेण्याची एकूण लांबी मीटरमध्ये घ्या, करंटने गुणा, ०.०१७ ने गुणा आणि तांब्याच्या चौरस मिलिमीटरने भागा. उत्तर येतं तेवढे व्होल्ट वाटेत हरवतात. तुमच्या गाडीत पुढच्या बॅटरीपासून टोबारपर्यंत खालून वळसे घेत सहा मीटर, पुढे ड्रॉबारवरून (कॅराव्हॅनच्या पुढच्या दांड्यावरून) कॅराव्हॅनच्या बॅटरीपर्यंत चार मीटर धरू. एका बाजूचे दहा, परतीसकट वीस.

करंट किती धरायचा यात बहुतेक जण चुकतात. चार्जरवर २५ अँपिअर लिहिलंय, म्हणून २५ धरतात. पण ते २५ चार्जर बाहेर देतो, तेही १४.४ व्होल्टला, म्हणजे ३६० वॅट. आत घेताना स्वतःची उष्णता धरून त्याला साधारण ४०० वॅट लागतात. आणि आत १२ व्होल्ट येत असतील तर ४०० ला १२ ने भागून होतात ३३ अँपिअर. शिवाय व्होल्टेज जितकं पडेल तितका चार्जर जास्त करंट ओढतो, कारण त्याला वॅट पुरे करायचे असतात. जास्त करंट ओढला की व्होल्टेज आणखी पडतं. बारीक केबलवर हे चक्र फिरत फिरत अशा ठिकाणी येतं की चार्जर 'व्होल्टेज कमी आहे' म्हणून बंदच होतो. करंट थांबला की व्होल्टेज वर येतं, चार्जर पुन्हा सुरू होतो, पुन्हा पडतो. चार तास हेच चालू राहिलं तर बॅटरी निम्मीच भरणार.

तुमच्या केबलची काळीही पुढपर्यंत नेली असतीत असं समजून हिशोब करू. ०.०१७ गुणिले २० गुणिले ३३ म्हणजे ११.२. त्याला ४.६ ने भागलं तर २.४ व्होल्ट गेले. त्याच केबलवर फ्रिजही आहे. असे फ्रिज १२ व्होल्टवर दहा ते पंधरा अँपिअर घेतात. १४ धरले तर एकूण ४७ अँपिअर आणि हरवले जवळजवळ साडेतीन व्होल्ट. पुढे १३.८ असले तर मागे सव्वादहाच्या आसपास उरतात. तेच सहा बी अँड एस घेतली आणि फक्त चार्जर त्यावर ठेवला, तर ११.२ भागिले १३.५, म्हणजे ०.८३ व्होल्ट. हे चालतं. डीसी-डीसी चार्जर एवढी तूट भरून काढतो, त्याचं कामच ते आहे. आठ बी अँड एसवर १.४ जातात. त्यावरही गाडी चालेल, पण उन्हाळ्यात तांबं तापून त्याचा रोध वाढतो आणि दर दहा अंशांना चारेक टक्क्यांची भर पडते. एवढी केबल पुन्हा खोलायची नसेल तर मी सहाच घालतो.

फ्रिजचं वेगळं सांगायला हवं. हा कॉम्प्रेसरचा फ्रिज नाही, आत एक तापणारी पट्टी असते, इस्त्रीसारखी. अशा पट्टीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज एक पंचमांशाने पडलं तर उष्णता एक तृतीयांशाहून जास्त घटते. तुमच्याकडे तर चौथा भाग पडत होता, म्हणजे फ्रिज जेमतेम निम्म्या ताकदीवर चालत होता, त्यात बाहेर ऊन. दूध कोमट होणं अगदी हिशोबात बसतं. फ्रिज बिघडलाय असं समजून त्याच्यावर पैसे घालू नका.

माझ्या मते तुमची मांडणी अशी असावी. चार्जरसाठी सहा बी अँड एसची नवी जोडकेबल, लाल आणि काळी दोन्ही पुढपासून मागपर्यंत. तुम्ही आधी टाकलेली '६ एमएम' काढून फेकू नका, ती फ्रिजला द्या. तिची काळी पुढे टेपमध्ये पडलीच आहे, ती नीट जोडा. फक्त फ्रिजचे १४ अँपिअर असतील तर तिच्यात साधारण एक व्होल्ट जातो, फ्रिजला पावणेतेराच्या आसपास मिळतात आणि तो बऱ्यापैकी थंड करतो. यासाठी मागे दुसरा अँडरसन लागेल आणि कॅराव्हॅनच्या बाजूलाही फ्रिजची लाइन वेगळी करावी लागेल. दोन अँडरसन वेगवेगळ्या रंगांचे घ्या. वेगळ्या रंगाचे हाउसिंग एकमेकांत बसत नाहीत, त्यामुळे अंधारात, पावसात, मुलं मागे लागलेली असतानाही अदलाबदल होणार नाही. फ्रिजच्या लाइनवर इग्निशनने चालणारा रिले (आपोआप चालू-बंद होणारा स्विच) हवाच. नाहीतर गाडी बंद करून थांबलात तरी तो गाडीची बॅटरी उतरवत राहील.

पुढेमागे लिथियम बॅटरी घालून ४० अँपिअरचा चार्जर लावायचा विचार असेल तर आत्ताच सांगतो, तो आत घेताना ५३ अँपिअरपर्यंत जातो. नेहमीचा अँडरसन ५० चा असतो आणि त्याच्या टर्मिनलमध्ये सहा बी अँड एसपेक्षा जाड वायर नीट बसतही नाही. मग प्लगही मोठा घ्यावा लागतो आणि केबल चार बी अँड एसची. दोन रात्रींच्या सहलींसाठी २५ चा चार्जर पुरतो असं माझं मत आहे, वर छतावर सोलर असेल तर नक्कीच.

फ्यूज. तुमच्या प्रश्नात फ्यूज हा शब्दच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटली. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत हवा. त्याच्या आधीच्या तुकड्याला संरक्षण नसतं, तो जितका छोटा तितका बरा. सहा बी अँड एसच्या लाइनवर ५० चा, फ्रिजच्या '६ एमएम'वर २० किंवा २५ चा. आणि दुसऱ्या टोकालाही फ्यूज लागतो, हे बरेच जण विसरतात. कॅराव्हॅनमधली बॅटरीसुद्धा बॅटरीच आहे. चार्जर आणि बॅटरी यांच्या मधली वायर घासून चॅसीला टेकली तर पुढचा फ्यूज गेला तरी मागची बॅटरी त्या शॉर्टमध्ये करंट ओततच राहील. म्हणून चार्जरमधून बॅटरीकडे जाणाऱ्या वायरवर बॅटरीजवळ दुसरा फ्यूज.

काळी पुढे नेल्यावर कुठे जोडायची हेही महत्त्वाचं. तुमच्या गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर एक छोटा सेन्सर असेल, बॅटरीतून किती करंट आला-गेला हे तो मोजतो. काळी थेट पोस्टवर लावली तर चार्जरचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि गाडीचा कॉम्प्युटर बॅटरीचा चुकीचा अंदाज बांधतो. ती सेन्सरच्या पलीकडे, बॅटरीची निगेटिव्ह जिथे बॉडीला बोल्टने बांधलेली असते तिथे, धातू चकचकीत घासून लावा.

आता हाताचं काम. अँडरसनच्या टर्मिनलमध्ये वायर घालून पकडीने चेपू नका. त्याला सहा बाजूंनी दाबणारा क्रिम्पर लागतो. तो महिन्यातून एकदा लागणारं हत्यार नाही, त्यामुळे कोणाकडून मागून आणा किंवा फक्त तेवढे चार-सहा क्रिम्प ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, बाकीची ओढाओढ स्वतः करा. क्रिम्प झाल्यावर जोरात ओढून बघा. वर सोल्डर भरायची आपल्याकडे सवय आहे. मी इथे सोल्डर करत नाही, कारण सोल्डर वायरच्या तारांमध्ये शोषलं जाऊन तो भाग कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथे कंपनांनी तारा तुटू लागतात. आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) मात्र लावा, पाणी आत जात नाही.

केबल गाडीखालून नेताना सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूने, चॅसीच्या कडेने, पन्हळी नळीत घालून न्या आणि दर हातभर अंतरावर बांधा. मागे अँडरसन टोबारजवळ पक्क्या ब्रॅकेटवर, तोंड थोडं खाली करून, झाकणासह. कॅराव्हॅनच्या बाजूची केबल किती लांब सोडायची हे मापाने सांगता येत नाही. रिकाम्या पार्किंगमध्ये कोणाला तरी बाहेर उभं करा आणि दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग वळवून कॅराव्हॅन फिरवा. केबल ताणली जाऊ नये, जमिनीला लागू नये आणि साखळीत अडकू नये.

ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या केबलबद्दल एक सावधगिरी. काही केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा फक्त मुलामा असतो. त्याच जाडीला तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत चांदीसारखा पांढरा धातू दिसला तर ती परत करा. उलट बोटींसाठीची चांगली केबल बाहेरून पांढरी असते, कारण तांब्याला कथिल लावलेलं असतं. ती खरवडली की आत लालसर तांबं दिसतं आणि ती खुशाल वापरा.

ब्रेकच्या निळ्या वायरबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहितो. कॅराव्हॅन दोन टनांच्या वर गेली की इथल्या नियमाप्रमाणे सगळ्या चाकांना ब्रेक लागतात आणि ब्रेकअवेही लागतो, म्हणजे कॅराव्हॅन सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लागून निदान १५ मिनिटं धरून राहिले पाहिजेत. तुमच्या चार चाकांत चार मॅग्नेट आहेत, प्रत्येकी तीनेक अँपिअर, म्हणजे पूर्ण ब्रेकला १२. हा करंट केबिनमधल्या कंट्रोलरपासून पाचव्या पिनेच्या निळ्या वायरने जातो. स्वस्त सात तारांच्या ट्रेलर केबलमध्ये प्रत्येक तार अर्धा-पाऊण चौरस मिलिमीटरची असते. ०.६ धरली तर दहा मीटरला फक्त जातानाच ३.४ व्होल्ट हरवतात. कंट्रोलरवर आकडा वाढवत नेला तरी ब्रेक धरत नाहीत ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. निळी आणि पांढरी या दोन्ही जाड हव्यात. '५ एमएम', म्हणजे २.९ चौरस मिलिमीटरवर हीच तूट ०.७ व्होल्टवर येते. कॅराव्हॅनसाठी म्हणून वेगळी केबल मिळते, तिच्यात दोन तारा जाड असतात. ती घ्या. आणि ब्रेकअवेची पिन वर्षातून निदान दोनदा खरोखर ओढून बघा, चाकं अडकतात का ते पाहा. त्याची छोटी बॅटरी गुपचूप मरून पडलेली असते.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात काम शिकलो. उसाच्या हंगामात रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्यांवर आदळून गेलेल्या माणसांच्या बातम्या आमच्या भागात दरवर्षी यायच्या, त्यातली काही माणसं ओळखीची होती. मागचे दिवे आणि ब्रेक यांच्या बाबतीत मी 'चालतंय की' कधीच म्हणत नाही, त्याचं कारण हे आहे.

आता तुमचा १२ पिनांचा प्रश्न. १२ पिनांच्या चपट्या प्लगमध्ये वरच्या सात पिना नेहमीच्याच आणि खालच्या पाच जास्त करंटच्या, ३५ अँपिअरपर्यंतच्या असतात. कागदावर तुमचे ३३ त्यात बसतात. पण सलग तासन्‌तास पिनेच्या क्षमतेच्या काठावर चालवणं मला पटत नाही, आणि त्या पिनेच्या मागे सहा बी अँड एस घुसतही नाही. दिवे आणि ब्रेक सात किंवा बारा पिनांच्या प्लगमध्ये ठेवा, चार्जिंग अँडरसनवर. तुमच्या कॅराव्हॅनला डुलणं आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर तिला स्वतःचा सतत पुरवठा लागतो. तो कुठल्या पिनेवर आहे हे तिच्या पुस्तिकेत पाहा, अंदाजाने जोडू नका.

काही गोष्टी तुमची गाडी पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, इंधन वाचवण्यासाठी. त्यामुळे 'व्होल्टेज वाढलं की इंजिन चालू आहे' असं समजणारा चार्जर मधेच झोपतो. अशा वेळी चार्जरला इग्निशनची एक बारीक वायर नेऊन द्यावी लागते. तुमचं निम्मं दुखणं हेही असू शकतं. दुसरं, गाडीच्या मागच्या दिव्यांच्या वायरला मधेच चावा घेऊन ट्रेलरचा सॉकेट जोडलेला असेल तर तो काढा. नव्या गाडीचा कॉम्प्युटर त्या दिव्यांवर लक्ष ठेवून असतो, तिथे त्या गाडीसाठीचंच टोइंग मोड्यूल लागतं.

यूकेत किंवा युरोपात राहणाऱ्या कोणी हे वाचलं तर रंग आणि पिना जशाच्या तशा उचलू नका. तिथे बहुतेक १३ पिनांचा गोल प्लग असतो, नवव्या पिनेवर कायमचा पुरवठा आणि दहाव्यावर इंजिन चालू असतानाचा, प्रत्येकाची परतीची पिन वेगळी. तिथल्या कॅराव्हॅनचे ब्रेक सहसा धक्क्याने लागणारे असतात, त्यामुळे निळ्या वायरचं माझं सगळं बोलणं तिथे लागू नाही. तांब्याचा हिशोब मात्र तोच.

आणि कॅराव्हॅनच्या २४० व्होल्टच्या बाजूला हात लावू नका, ते काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनचं. कॅराव्हॅन पार्कमध्ये १५ अँपिअरची लीड लागते, तिची अर्थची पिन रुंद असते. घरच्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून ती घासणारे लोक मी पाहिलेत. ते कधीही करू नका.

नवीन केबल घ्यायच्या आधी मला तीन आकडे पाठवा. इंजिन चालू, चार्जर आणि फ्रिज दोन्ही चालू, दिवे लावलेले, अशा स्थितीत दहा मिनिटं थांबा आणि मग मोजा. भार नसताना बारीक केबलवरही पूर्ण व्होल्टेज दिसतं, त्या मोजणीचा उपयोग नाही. पहिला आकडा गाडीच्या बॅटरीच्या दोन पोस्टमधला. दुसरा चार्जरच्या इनपुटवरचा. तिसऱ्यासाठी मीटरची एक तार गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कॅराव्हॅनच्या चॅसीला, घासून स्वच्छ केलेल्या जागी, लावा. लांब तार लागेल, कुठलीही जुनी बारीक वायर चालेल, मीटर करंट ओढत नाही. हा तिसरा आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर आधी काळी दुरुस्त करा आणि मगच लालकडे वळा. आकड्यांबरोबर चार्जरच्या लेबलचा आणि फ्रिजच्या आतल्या लेबलवरच्या वॅटचा फोटोही पाठवा, म्हणजे मी १४ च्या जागी तुमचा खरा आकडा घालून हिशोब पुन्हा करून देतो.